पोटरीचं माप

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा कंबरेतून वाकून नमस्कार. (गुडघ्यातून वाकायचं म्हटलं तर डावा वाकतो, उजवा नवीन आहे. तो अजून माणसाळलेला नाही. तेव्हा नमस्कार थोडा तिरका पोचेल, सांभाळून घे.)

तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तुझं पत्र काल आलं आणि त्यात चार पानं नुसती तब्येतच आहे. वहिनींचा खोकला गेला का, हे मात्र त्या चार पानांत कुठेही नाही. चाळीस वर्षांच्या संसारात दुसऱ्या माणसालाही छाती असते हे तुझ्या लक्षात आलेलं नसावं. माझं म्हणशील तर मी घरी येऊन तीन आठवडे झाले. काठी घेऊन चालतो. भूक लागते, झोप लागत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

तू लिहितोस की येत्या सोमवारी तू खुब्याच्या ऑपरेशनसाठी भरती होणार, आणि तिथे काय करायचं ते तुझं ठरलेलं आहे. पोटात टोचायची इंजेक्शनं तू घेणार नाहीस, कारण दुखणं खुब्याला आणि सुई पोटाला हा प्रकार तुला पटत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं 'बघू'. आणि ते घट्ट मोजे आत्ताच आणून ठेवलेत, पण टोचतात, म्हणून तू ते स्वतः मागून उसवून त्यात पट्टी घालणार आहेस, तर मी पट्टी किती इंचाची घातली होती ते उलट टपाली कळवावं. हे सगळं तू माझ्या भरवशावर करतो आहेस. मी हॉस्पिटलातल्या खाटेवरून तुला जे पत्र लिहिलं होतं, ते वहिनींनी शेजाऱ्यांना वाचून दाखवलं आणि सगळे पोट धरून हसले, असंही तू कळवतोस.

दादा, ते पत्र फाडून टाक. शेजाऱ्यांकडे नक्कल असेल तर तीही फाड. का, ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे, पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तू जाणतोस. (लहानपणी बरणी फुटली तेव्हाही मी आधी मांजराचं वर्णन केलं होतं.)

तर हॉस्पिटल. आमच्या खोलीत तीन खाटा. खिडकीशी एक बेकरीवाला, तुझ्यासारखाच खुब्याचा. मध्ये मी. दाराशी निवृत्त बसकंडक्टर, गुडघ्याचा, माझ्यानंतर दोन दिवसांनी ऑपरेशन झालेला. भिंती वरून पांढऱ्या आणि खालून हिरव्या, कारण खालचा भाग ढकलखुर्च्यांनी खरवडतो आणि हिरव्यावर ते कमी दिसतं. पंखा एक, तो बेकरीवाल्याच्या मालकीचा. (म्हणजे वारा त्याच्याकडेच जायचा.) माझे टाके पाहायची मला घाई होती, शिंप्याचा धंदाच तो. पट्टी सोडली तेव्हा बघतो तर टाके नाहीतच, पिना! सेलमधल्या शर्टाच्या कॉलरला मारतात तशा ओळीने एकतीस पिना. मी डॉक्टरांना म्हणालो, साहेब, ही कच्ची शिलाई झाली, पक्की कधी घालणार? डॉक्टर हसले. माणूस चांगला आहे, फक्त फार भराभर चालतो. त्याच्यामागून जाणाऱ्या नर्सबाईंना त्याची अर्धी वाक्यं वेचत यावं लागतं.

या डॉक्टरांनीच ऑपरेशनच्या आधी आम्हाला गुठळीबद्दल सांगितलं होतं, असं कागदावर आहे. कागदावर माझी सही आहे, म्हणजे सांगितलंच असणार. मला आठवतं ते इतकंच की एक बोट कागदावर टेकलं आणि मी त्या बोटाच्या खाली सही केली. गुठळी म्हणजे पायाच्या शिरेत रक्त थिजून बसतं, आणि ते तिथून सुटून फुफ्फुसात गेलं तर माणूस उभ्याउभ्या जातो, हे मला नीट कळलं ते फार उशिरा. तोवर आमच्या खोलीत त्या विषयावर तीन मतं होती आणि तिन्ही ठाम होती.

बेकरीवाल्याचं मत असं की रक्त पातळ करणं हाच मूर्खपणा. पीठ सैल झालं की हातातून ओघळतं, मग आकार कसला आणि पाव कसला? गोळ्या घेऊन उद्या दाढी करताना कापलं तर रक्त थांबवायला कोण येणार, डॉक्टर? त्याने मोजे पहिल्या दिवसापासून उशीखाली ठेवले होते. (उशी पातळ होती, त्यामुळे तेवढा उपयोग झाला.) इंजेक्शन मात्र तो मुकाट्याने घ्यायचा, कारण टोचणाऱ्या नर्सबाई त्याच्या बहिणीसारख्या दिसायच्या आणि बहिणीपुढे त्याचं काही चालत नसे.

कंडक्टरचं मत वेगळं. त्याचं म्हणणं, गुठळी म्हणजे दारात खांब धरून उभा राहिलेला प्रवासी. पुढे गाडी रिकामी असते पण हा हलत नाही. त्याला दटावायचं असतं, सुया कसल्या मारता? आणि खरोखर तो सकाळी उठून स्वतःच्या पायाकडे बघून खणखणीत आवाजात "चला, पुढे सरका, पुढे सरका" असं ओरडायचा. बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं निमूट सरकायची. पोटावर सुईचे निळे डाग पडले तेव्हा त्याने शर्ट वर करून ते सगळ्यांना दाखवले आणि चौथ्या दिवसापासून इंजेक्शन नको म्हणाला. नर्सबाईंनी समजावलं, डॉक्टरांनी चालता चालता समजावलं, शेवटी वहीत 'रुग्णाचा नकार' असं लिहिलं गेलं. बत्तीस वर्षं उभा राहिलेला माणूस. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. व्यायाम घेणारे गृहस्थ यायचे, पावलं वरखाली करा म्हणायचे, उठून चार पावलं चाला म्हणायचे. मला ते सोपं होतं, जन्म पायमशीनवर गेला, झोपेतही माझी पावलं हलतात. कंडक्टर म्हणायचा, अहो, मी आयुष्यात पहिल्यांदा आडवा झालोय, जरा पडू द्या की.

माझं मत तुला ठाऊकच आहे, कारण ते माझं नाहीच, आपल्या दुकानाचं आहे. बाबांनी आपल्याला मशीनवर बसवण्याआधी काय शिकवलं? टोचलं तर चूक कपड्याची, अंगाची कधीच नाही. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत उसवायला घ्यायचं. ते बँकेतले साहेब आठवतात? नऊ वर्षं तू त्यांची विजार कंबरेत सैल करत आलास आणि दर वेळी म्हणालास, साहेब, कापड आटलं. नऊ वर्षांत ते दुप्पट झाले, चार धोबी बदलले, एका धोब्याशी तर हातघाईवर आले, पण आपल्या तोंडून त्यांना कधी कळलं नाही की आटलेलं काही नाही, वाढलेलं आहे. याला आपण सभ्यपणा म्हणत होतो. अजूनही मला तो सभ्यपणाच वाटतो, फक्त आता त्याच्याकडे नीट बघवत नाही.

तर मोजे. तू ते हातात घेतलेच आहेस. तू कापणारा, मी शिवणारा, तेव्हा तुला सांगायला नको की त्याला शिवण नसते, सोडायला मार्जिन नसतं. घोट्याला घट्ट, वर जरा सैल. ते तसं मुद्दाम केलेलं असतं, रक्त वर ढकलायला, हे मला आता कळलं. तेव्हा मला दिसलं ते इतकंच की कोणा अडाण्याने माप न घेता माल काढला आहे. दुसऱ्याच दिवशी सुनेकडून सुईदोरा आणि कात्री मागवली, मोजा मागून उभा चिरला, आणि जुन्या बनियनची पट्टी आत घालून हाताने असा शिवला की तूसुद्धा बोट फिरवून शिवण ओळखली नसतीस. पायाला बरं वाटलं. त्या भरात मी तुला ते पत्र लिहिलं. त्या भरातच मी कंडक्टरला म्हणालो, आणा इकडे तुमचे.

त्याने आणले. दादा, तू हसशील, पण त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, आयुष्यभर खात्याचा गणवेश घातला, कॉलर गळ्याला काचायची, विजार आखूड असायची, पण माझं माप घेऊन माझ्यासाठी कोणी काही शिवलं असं हे पहिल्यांदाच. मग काय, मला चढलंच. टेप आणि मापाची वही सुनेने आणलीच होती. मी खाटेच्या कडेला बसून रीतसर माप घेतलं. पोटरी दोन्ही पायांची चौदा इंच. वहीत लिहिलं. पट्टी पाऊण इंचाची घातली. त्याने मोजे घातले, पावलं हलवून पाहिली आणि मला सलाम केला.

त्याच सुमारास फॉर्मवाल्या बाई आल्या. चष्मा, हातात फळी, फळीला कागद. त्या रुग्णांची मतं गोळा करत होत्या. विषयसुद्धा हाच, ऑपरेशननंतर गुठळी होऊ नये म्हणून जे उपाय करतात त्यांबद्दल तुम्हाला काय वाटतं. आम्हाला कोणी काही विचारत नव्हतं, जेवणात मीठ बरं आहे का एवढंसुद्धा नाही, आणि इथे एक शिकलेली बाई खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, तुमचं मत महत्त्वाचं आहे. आमची तिघांची पाठ ताठ झाली. (बेकरीवाल्याने तर केस विंचरले.) आता मत महत्त्वाचं म्हटल्यावर ते चांगलंच दिलं पाहिजे. गुठळीची माहिती आधी दिली होती का? दिली होती, अगदी उत्तम, बेकरीवाला म्हणाला, कारण नाही म्हटलं तर डॉक्टरांचा अपमान. इंजेक्शनचा त्रास होतो का? कंडक्टर म्हणाला, छे, मुंगी चावल्यासारखं. दोन दिवस त्याने घेतलंच नव्हतं, तेव्हा मुंगीही चावत नसणार. मोजे दिवसातून किती तास घालता? बेकरीवाला उशीवर रेलून म्हणाला, सतत. त्याने मान टेकवली होती ती मोज्यांवरच, तेव्हा त्याला खोटं तरी कसं म्हणू? कंडक्टर म्हणाला, चोवीस तास, आणि ते मात्र खरं होतं. मी शिवून दिल्यापासून त्याने ते काढले नव्हते.

उपाय करताना कुणी मोजे सैल केले का, असं त्या कागदात कुठेच नव्हतं. एवढी शहाणी माणसं एकत्र बसून प्रश्न काढतात, पण खोलीत शिंपी असेल हे त्यांच्या स्वप्नात कसं येणार? असता प्रश्न, तरी मी नाही म्हणालो असतो. बाई इतक्या खूश होऊन टिपून घेत होत्या की त्यांचं मन मोडणं जिवावर आलं असतं. शेवटचा प्रश्न असा होता की तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, गुठळीची, रक्तस्रावाची, सुईची की आणखी कशाची. बेकरीवाला म्हणाला, रक्ताची. मी म्हणालो, कशाचीच नाही. कंडक्टर म्हणाला, "घरी सोडायची तारीख पुढे जाण्याची."

ते का, ते आम्हाला माहीत होतं. त्याची बायको रोज दुपारी यायची. तिला डोळ्यांनी जेमतेम अंधुक दिसतं. भिंतीला हात लावत यायची, दारातून आत पाऊल टाकलं की पहिल्या खाटेवर तोच असल्यामुळे चुकायची नाही. तिसऱ्या मजल्यावर दोघंच राहायची. तो नसताना ती गॅसजवळ एकटी असते ही एकच गोष्ट त्याच्या डोक्यात. गुडघा बदलून घेतला तोही तिला घेऊन जिना उतरता यावा म्हणून. सातव्या दिवशी सोडणार असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तो बोटांवर दिवस मोजत होता.

आता पुढचं लिहितो ते लक्ष देऊन वाच. इथे हसायचं काही नाही.

सहाव्या दिवशी दुपारी कंडक्टर मला म्हणाला, मास्तर, (मला मास्तर म्हणायचा) उजवा मोजा परत टोचतोय हो. आणि पोटरीत कळ येते, गोळा आल्यासारखी. मी म्हणालो, धुण्यात आटला असेल. दादा, मी हे वाक्य म्हणालो. धुतला कोणी होता? पण तोंडात तेच बसलेलं. मी टेप काढली. डावी पोटरी चौदा. उजवी साडेपंधरा. मी पुन्हा लावून पाहिली, कारण माप चुकणं हा आपल्याकडे गुन्हा. साडेपंधराच. हाताला गरम लागली. मी वहीत लिहिलं, उजवी साडेपंधरा, आणि त्याला म्हणालो, काही नाही, पुष्कळ माणसांचं अंग दोन बाजूंना सारखं नसतं, आमच्याकडे एक वकील यायचे त्यांचा एक खांदा दीड इंच खाली होता. मग मी उजवा मोजा पुन्हा चिरला आणि आणखी दीड इंचाची पट्टी घातली. काम सुबक झालं. त्याला बरं वाटलं. संध्याकाळी नर्सबाई विचारायला आल्या, पायात कुठे दुखतंय का, सूज वाटते का. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी 'नको' अशी मान हलवली. 'हो' म्हटलं तर उद्याचं घरी जाणं राहील, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तो म्हणाला, "छान आहे बाई, एकदम मोकळा वाटतोय पाय."

सातव्या दिवशी सकाळी त्याने दाढी केली, घरचे कपडे घातले, पिशवी भरली. बायको लवकरच येऊन खुर्चीवर बसली होती. तो न्हाणीघराकडे निघाला, काठी टेकत, आणि दारापर्यंत जाऊन थांबला. भिंतीला हात लावला. मला वाटलं दम लागला. मग तो खाली बसला, आणि बसला तो आडवा झाला. श्वासासाठी तोंड उघडत होता. माणसं धावली, भराभर चालणारा डॉक्टर धावला. त्याला उचलून खाटेवर घेतलं आणि भोवतीचा पडदा ओढला. बायको विचारत राहिली, "काय पडलं? काय पडलं हो?" बेकरीवाल्याने पंखा बंद केला. अर्ध्या तासाने डॉक्टर पडद्यातून बाहेर आले आणि पहिल्यांदाच सावकाश चालत तिच्यापाशी गेले.

माझी जखम ओली राहिली म्हणून मला आणखी दोन दिवस ठेवून घेतलं. मग मला सोडायच्या दिवशी डॉक्टरांना म्हणालो, साहेब, परगावी आमच्या ओळखीतला एक माणूस आहे, त्याने समजा मोजे सैल केले आणि त्याला असं झालं, तर? (परगावी! साठी उलटल्यावर माणूस अशी भ्याड वाक्यं कुठून काढतो कोण जाणे.) डॉक्टरांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. म्हणाले, मोज्यांमुळेच झालं असं कोणी सांगू शकणार नाही. इंजेक्शन नाकारलं, हालचाल कमी, शिरा आधीच खराब. आणि कधीकधी सगळं नीट करूनही होतं. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात ते दारातून मागे वळून म्हणाले, "पण एका पायाची पोटरी फुगलीय एवढं जरी आम्हाला कोणी सांगितलं असतं, तर त्याच दिवशी तपासलं असतं, आणि बहुतेक वाचवला असता."

दादा, माझ्याकडे ते लिहिलेलं होतं. तारीख घालून, वळणदार अक्षरात. सगळ्या हॉस्पिटलात हजार यंत्रं, आणि ज्या दीड इंचात त्या माणसाचा जीव होता तो दीड इंच फक्त माझ्या वहीत होता. मी त्याचं काय केलं, तर पट्टी घातली.

तू आता बेकरीवाल्याचा दाखला देशील म्हणून आधीच सांगतो. हो, त्याने मोजे उशीखाली ठेवले आणि तो ठणठणीत घरी गेला. मीही सैल मोजे घातले आणि मला काही झालं नाही. याचा अर्थ काय ते मी तीन आठवडे शोधतो आहे आणि मला वाटतं याचा काहीच अर्थ नाही. आम्ही दोघं सुटलो, बस्स. सुटलेल्या माणसाचं मत घेऊन तू सोमवारी त्या खाटेवर चढू नकोस. मत विचारायचंच तर कंडक्टरचं विचारायला हवं होतं. त्याचं मत फॉर्मवाल्या बाईंच्या कपाटात आहे, काही त्रास नाही, पूर्ण समाधानी.

त्याची बायको सामान न्यायला आली तेव्हा भिंत चाचपत माझ्या खाटेशी आली आणि माझे हात हातात घेतले. म्हणाली, तुमच्यामुळे त्यांचे शेवटचे दिवस सुखात गेले, मोजे अजिबात टोचत नाहीत असं रोज सांगायचे. मी तिची पिशवी नीट बांधून दिली. पण घरी आल्यावर मी राहू शकलो नाही. गेल्या गुरुवारी रिक्षा करून तिच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, चहा केला, मनाला लावून घेऊ नका म्हणाली. तपशील लिहीत नाही. एकूण तो विषय मिटला.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. इंजेक्शन घे. डाग पडले तर पडू देत, पोट कुठे कोणाला दाखवायचंय या वयात? गोळ्या सांगतील तितके दिवस घे, आणि कुठे रक्त येतंय असं वाटलं तर लगेच सांग, स्वतःच बंद करू नकोस. उठवतील तेव्हा ऊठ. पाय दुखला तर ओरड, सभ्यपणा करू नकोस. आणि मोजे जसे आहेत तसे घाल. ते टोचतील. टोचू देत. बाबांनी सांगितलेलं सगळं खरं होतं, पण ते विजारीबद्दल होतं.

वहिनींना नमस्कार, आणि त्यांच्या खोकल्याचं कळव.

तुझा
धाकटा

ता. क. १: तुला मी ओळखतो. मी नको म्हणेपर्यंत तू कात्री चालवून मोकळाही झाला असशील. तसं असेल तर ती जोडी फेकून दे आणि तिथे गेल्यावर नवी माग. हरवली म्हण. (मीही तेच सांगितलं. नर्सबाईंनी विश्वास ठेवला नाही, पण मोजे दिले.)

ता. क. २: सोबत वहीचं एक पान फाडून पाठवतो आहे. बाबांच्या वेळेपासून आपण मापाची वही कधी फाडली नाही, हे ध्यानात घेऊन ते पान सांभाळ. तू पट्टीचं माप विचारलंस, त्यावर आहे ते कंडक्टरच्या पोटरीचं, चौदा आणि साडेपंधरा. ते पान खाटेशी ठेव आणि वहिनींना सांग, रोज सकाळी दोन्ही पोटऱ्यांना टेप लावायची. एक बाजू वाढली तर सुईदोरा शोधायचा नाही, नर्सला हाक मारायची. हळू नाही, कंडक्टरसारखी.

ता. क. ३: पत्र पाकिटात घालून झालं होतं, पुन्हा उघडलं. वर गुरुवारचं जे लिहिलं आहे ते खोटं आहे. मी गेलो होतो हे खरं. तीन जिने चढलो, नव्या गुडघ्याने काही कुरकुर केली नाही. कडी वाजवली. तिने दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "कोण?" तिला दिसत नव्हतं, दादा. मी आवाज बारीक करून म्हणालो, माफ करा, दार चुकलं. ती म्हणाली, असू दे, इथे सगळ्यांचं चुकतं, कुठे जायचंय तुम्हाला? मी काहीतरी सांगितलं. तिने मला नीट रस्ता समजावला, आणि जिन्यात अंधार आहे म्हणून मी खाली पोचेपर्यंत दार उघडं धरून उभी राहिली. तेव्हा तू इंजेक्शन घे, मोजे घाल, आणि चालता हो. मग इकडे ये आणि माझ्याबरोबर त्या घरी चल. तू काही बोलू नकोस, बोलेन मीच. तू फक्त मला परत खाली उतरू देऊ नकोस.